वल्हांडणाचे ताट आणि अंगावर पाजणारी माता

पुण्यात १८७४ साली छापलेली वल्हांडण सणाची एक पोथी आहे. तीत इब्री मजकुरासोबत आपली मराठी आहे. यहुदी लोक ह्या पोथीस ‘हगादा’ म्हणतात व सणाच्या पहिल्या रात्री सारे कुटुंब एकत्र बसून ती वाचते. ह्या पोथीतील एका चित्रात लुगडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करण्यात गुंतलेल्या दिसतात. मिसर देशातून निघालेल्या इस्राएल लोकांची कथा सांगणाऱ्या ग्रंथात आपल्याच आयाबहिणींसारख्या दिसणाऱ्या ह्या बाया पाहून मन क्षणभर थबकते.

ह्या स्त्रिया बेने इस्राएल समाजाच्या. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. कोकणात ते तेलाचा घाणा चालवीत आणि शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. केहिमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर ही त्यांची आडनावेच त्यांच्या गावांची साक्ष देतात. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक इस्राएल देशात गेले. परंतु ठाणे, मुंबई, रायगड, पुणे व अहमदाबाद येथे त्यांची काही घरे अजून आहेत, आणि चैत्राच्या सुमारास त्या घरांत वल्हांडणाची साफसफाई सुरू होते.

प्रिय वाचकहो, आज मी आपणांपुढे त्या सणाचा सगळा विधी मांडणार नाही. त्या स्वयंपाकघरातील एका कोपऱ्याकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. तेथे मांडीवर तान्हे मूल घेऊन एक माता बसलेली आहे. सणाने तिच्या ताटातील निम्मे पदार्थ उचलून नेले आहेत, आणि उरलेल्यातील निम्मे तिच्या बाळाच्या दुखण्याने नेले आहेत. तिने खावे काय, हा आपला विषय.

प्रथम सणाचे कुंपण पाहू. निर्गमाच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे इस्राएल लोक मिसरमधून घाईने निघाले. कणीक फुगण्यास अवधी नव्हता. त्या रात्रीच्या स्मरणार्थ यहुदी घरात सणभर खमीर ठेवीत नाहीत. इस्राएल देशात हा सण सात दिवस चालतो, इतर देशांत आठ दिवस. गहू, सातू, ओट, राय आणि स्पेल्ट नावाचा गव्हाचाच एक प्रकार, ह्या पाच धान्यांना पाणी लागून ती अठरा मिनिटे तशीच राहिली की ती फुगू लागली असे धर्मशास्त्र मानते. म्हणून सणाची भाकरी, जिला ते ‘मत्सा’ म्हणतात, ती पीठ आणि पाणी एवढ्यांचीच आणि त्या अठरा मिनिटांच्या आत भाजून काढावयाची असते. पाव, बिस्किटे, शेवया, रवा, गव्हाची पोळी, सारे वर्ज्य. कोकणातल्या जुन्या बेने इस्राएल लोकांत ह्या सणाला ‘अनाशी ढाकाचा सण’ असे नाव होते. आंबट रसाचे मडके ते ह्या दिवसांत झाकून ठेवीत. सणापूर्वी घराला चुना लावावा, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करून घ्यावी, ही त्यांची रीत.

पूर्व व मध्य युरोपातून आलेल्या अश्केनाझी यहुद्यांत ह्यावर आणखी एक कुंपण आहे. तांदूळ, मका, डाळी, वाटाणे, सोयाबीन, तीळ, मोहरी हे पदार्थ खमीर नव्हेत हे त्यांनाही मान्य आहे. परंतु ते पिठासारखे दळले जातात व गव्हात मिसळण्याचा संभव असतो, म्हणून त्यांच्या पूर्वजांनी तेही सणापुरते सोडले. स्पेन व पूर्वेकडील देशांतील यहुद्यांनी हा निर्बंध कधी स्वीकारला नाही. बेने इस्राएलांचा रिवाज पूर्वेकडचा. त्यांच्या सणात भात असतो. मात्र तांदूळ काळजीपूर्वक निवडावयाचे, एकदा नव्हे, तीनदा. त्यात गव्हाचा एक दाणाही राहता कामा नये.

आता दुसरे कुंपण. काही तान्ही मुले केवळ आईच्या दुधावर असूनही त्यांच्या शौचात आव व रक्ताचे धागे दिसू लागतात. मूल पुष्कळदा हसतेखेळते असते, वजनही धरते. पण आईच्या काळजाचे पाणी होते. ह्याचे एक कारण असे की, आईने घेतलेल्या गाईच्या दुधातील प्रथिनांचा अत्यल्प अंश तिच्या दुधात उतरतो, व तो काही थोड्या मुलांच्या कोवळ्या आतड्यास सोसत नाही. अशा वेळी डॉक्टर आईला दूध व दुधाचे सर्व पदार्थ बंद करावयास सांगतात. तेवढ्याने भागले नाही तर कधी सोया, कधी अंडी, कधी गहू, क्वचित आणखी काही. आईच्या अंगावरचे दूध मात्र बंद करावे लागत नाही, ही ह्यातली दिलाशाची गोष्ट. आईच्या आहारात बदल करूनच मूल बरे करावयाचे असते.

ह्याविषयी खेड्यापाड्यांतून दोन गैरसमज आढळतात. एक असा की, गाईचे दूध चालत नसेल तर म्हशीचे किंवा शेळीचे चालेल. हे चुकीचे आहे. त्या दुधांतील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांसारखीच असतात. दही, ताक, पनीर, खवा हे सर्व त्याच वर्गातले, आणि तुपातही प्रथिनाचा अंश राहू शकतो. दुसरा गैरसमज असा की, मूल रडले की आईचे काहीतरी बाधले. तान्ही मुले शंभर कारणांनी रडतात. केवळ रडण्यावरून आईचे एकेक अन्न तोडीत जाणे हा त्या माउलीवर अन्याय आहे. डॉक्टरांनी मूल पाहावे, एका वेळी एक पदार्थ बंद करावा, दोन ते चार आठवडे वाट पाहावी, आणि गुण आल्यावर तोच पदार्थ पुन्हा घेऊन खात्री करावी, हीच योग्य रीत. पुष्कळ मुलांना गुण काही दिवसांतच दिसू लागतो, आणि बहुतेक मुले एक वर्षाची होईतो हे सारे पदार्थ पचवू लागतात. म्हणजे हे पथ्य जन्माचे नसते. त्याला आरंभ असतो तसा शेवटही असावा लागतो.

आता ही दोन्ही कुंपणे एकाच अंगणात घातली तर काय होते ते पाहा. एक घर डोळ्यांपुढे आणा. ते ठाण्याचे असेल किंवा रेवदंड्याचे. सून तीन महिन्यांची ओली बाळंतीण. बाळासाठी तिने दूध, सोया, अंडी, गहू आणि काजू-बदामासारखी कवचाची फळे सोडली आहेत. अशात वल्हांडण येतो. सणाच्या भाकरीत गहू, सणाच्या पक्वान्नांत अंडी आणि बदाम. सासूबाई विचारतात, “सूनबाई, मग तू जेवणार काय?” सून हसून म्हणते, “बटाटा आहे की, आई.” त्या हसण्यात कौतुक वाटावे असा त्याग आहे खरा, पण आठ दिवस बटाटा खाऊन अंगावर पाजणारी स्त्री उभी कशी राहील, हे विचारणारे कोणी तरी त्या घरात असले पाहिजे.

कारण हिशेब असा आहे. पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस रोजच्या अन्नाहून सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे मान आहे. चुना, म्हणजे कॅल्शियम, तिला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम हवे. गाईच्या एक लिटर दुधात साधारण तेवढे असते. आणि दूध तर तिला बंद. बाळाच्या दुधात चुना कमी पडू नये म्हणून तिचे शरीर काही अंशी तिच्या हाडांतून तो काढून देते. बाळाची तक्रार नसते, म्हणून घराला वाटते सर्व ठीक आहे. झीज मात्र मुकाट्याने आईची होत असते. म्हणून दूध बंद असलेल्या मातेस चुना व ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून अवश्य द्याव्यात, आणि त्या गोळ्यांत दुधाचा वा गव्हाचा अंश नाही ना, हेही विचारून घ्यावे.

हे झाले शरीराचे. धर्माचे काय? येथेच मला यहुदी धर्मशास्त्राविषयी आदराने सांगावेसे वाटते की, ते बाहेरून दिसते तितके कठोर नाही. नियमांनी मनुष्याने जगावे, मरू नये, हे लेवीयातून त्यांच्या आचार्यांनी काढलेले सूत्र आहे. जिवाला धोका असेल तेथे जवळजवळ प्रत्येक नियम मागे सरतो. गरोदर व पाजणाऱ्या स्त्रियांना त्यांच्या लहान उपवासांतून मोकळीक आहे. डाळी-तांदळाचा जो अधिकचा निर्बंध अश्केनाझी लोक पाळतात, तोसुद्धा आजाऱ्यांसाठी व लहान मुलांसाठी गरजेपुरता सैल करावा, असे त्यांच्याच शास्त्रींनी लिहून ठेवले आहे. अमेरिकेतील त्यांच्या कॉन्झर्वेटिव्ह पंथाच्या शास्त्रसमितीने तर २०१५ च्या डिसेंबरात हे पदार्थ सर्वांनाच खुले केले. सनातनी मात्र जुनी चाल पाळतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. आठही दिवस खमीर वर्ज्य आहे. पण आठही दिवस मत्सा खाल्लीच पाहिजे असे नाही. ती खाण्याचे कर्तव्य पहिल्या रात्रीचे, व इस्राएलबाहेर दुसऱ्याही रात्रीचे. तेही थोड्याशा तुकड्याचे, ज्याचे माप शास्त्राने जैतुनाच्या फळावरून ठरविले आहे. म्हणजे ज्या गव्हाची त्या मातेस आठ दिवस धास्ती वाटते, तो प्रश्न एकदोन रात्रींच्या एका घासापुरता उरतो. त्या घासासाठीही वाट आहे. गव्हाचा स्पर्श होऊ न देता केलेली ओटची मत्सा आता मिळते, व ओट हे पाच धान्यांपैकी असल्याने कर्तव्य पुरे होते. स्पेल्टची मत्सा मात्र अशा मातेच्या कामाची नाही, कारण स्पेल्ट हा गहूच. आणि ओटही सोसत नसेल तर हज्जानाला किंवा रब्बीला विचारावे. आजारामुळे जे शक्य नाही त्याचा दोष शास्त्र लावीत नाही.

ताटातील अंड्याचेही तसेच. ते ताटात मांडण्यासाठी असते, त्या मातेने खाल्लेच पाहिजे असे नाही. तालमुदाच्या वल्हांडणविषयक भागात त्या रात्री मांडावयाचे दोन शिजविलेले पदार्थ कोणते, ह्याची चर्चा आहे, आणि तेथे एका आचार्यांनी बीट आणि भात ही नावे घेतली आहेत. शेकडो वर्षांपूर्वी आचार्यांच्या ताटात बीट आणि भात शोभला, तर आजच्या पाजणाऱ्या मातेच्या ताटात तो उणा का मानावा?

आता प्रत्यक्ष स्वयंपाकाकडे वळू. बेने इस्राएल स्त्रीस येथे एक मोठा आधार आहे. मांसाबरोबर दूध चालत नाही ह्या नियमामुळे तिची पाककला आधीच नारळाच्या दुधावर उभी आहे. दूध बंद झाल्याने इतरांचे जेवण अडते, तिचे फारसे अडत नाही. ज्या मातेने पाच वस्तू सोडल्या आहेत पण जिला मांस, नारळ, तांदूळ, कंद, फळे व भाज्या चालतात, तिच्यासाठी सणाचे ताट असे मांडता येईल.

द्राक्षरसाऐवजी काळ्या मनुकांचे सरबत. ही त्या समाजाची जुनीच रीत आहे, आणि पाजणाऱ्या मातेस मद्याहून तीच बरी. मनुका स्वच्छ धुऊन रात्रभर पाण्यात भिजवाव्या, सकाळी त्याच पाण्यात कुस्कराव्या आणि फडक्यातून गाळून घ्याव्या. साखर लागत नाही.

खजुराचा शिरा. विटा घडविणाऱ्या गुलामांच्या चिखलाची आठवण म्हणून ताटात एक गोड पदार्थ असतो. खजुराच्या बिया काढून तो कोमट पाण्यात भिजवावा, मऊ झाल्यावर उकळून कुस्करावा, गाळावा, आणि मंद विस्तवावर दाट होईतो आटवावा. वर बदाम-अक्रोड घालतात ते तिच्या वाटीत घालू नयेत. थोडे खोबरे किसून घालावे.

हिरव्या मसाल्याचे मटण. कोथिंबीर, आले, लसूण व हिरवी मिरची वाटून तो मसाला नारळाच्या तेलात परतावा, मटण घालून नारळाच्या पातळ दुधात शिजवावे, आणि दाट दूध शेवटी घालून एकच वाफ द्यावी. येथे एक इशारा: बाजारचा डबीतला हिंग घालू नये. त्यात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते; म्हणजे तो सणालाही चालत नाही आणि बाळालाही. तयार मसाल्यांच्या पुड्यांविषयी हीच दक्षता घ्यावी.

भात, आणि तांदळाची भाकरी. तीनदा निवडलेले तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून घरीच दळावे. गिरणीत देऊ नये. आपल्या आधी कोणी गहू दळले असतील, तर ते पीठ जात्याला चिकटलेले असते. उकड काढून थापलेली ही भाकरी ताजी व ऊन असताना मटणाच्या रशाशी छान लागते.

बाजूला वाफवलेली रताळी, तांबडा भोपळा, बीट आणि पालेभाजी. जेवणानंतर कोकम व नारळाच्या दुधाची कढी. मासे चालत असतील तर काट्यासकट खाता येणारे लहान मांदेलीसारखे मासे चुन्याच्या दृष्टीने उत्तम. मात्र खवले व पर असलेलेच मासे यहुदी घरात चालतात, कोळंबी-खेकडे नाहीत. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना असतो, आणि नाचणी त्या पाच धान्यांत मोडत नाही; जेथे सणाला भात चालतो तेथे नाचणीविषयी वडीलधाऱ्यांना विचारून तीही घरीच दळून वापरावी. अश्केनाझी घरात तांदूळ नसेल तेथे बटाटा, रताळी, केळी आणि किन्वा नावाचे बी कामी येते. किन्वा सणास चालतो असे त्यांच्या पुष्कळ शास्त्रींचे मत आहे.

स्वयंपाकाहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. असे ताट रांधावयास वेळ लागतो, आणि तो वेळ त्या मातेपाशी नाही. रात्री चार वेळा उठून पाजणाऱ्या स्त्रीने तांदूळ तीनदा निवडावे, नारळ खवावा आणि जाते ओढावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे पथ्य सांगून उपाशी ठेवणे होय. तांदूळ सासूने निवडावे, नारळ दिराने फोडावा, नवऱ्याने बाजारातून आणलेल्या प्रत्येक पुड्यावरचा मजकूर वाचावा. आणि शक्य असेल तर एक भांडे सर्वांसाठी एकच शिजवावे. साऱ्या घराने तेच मटण, तोच भात खाल्ला, म्हणजे त्या मातेचे ताट वेगळे व केविलवाणे राहत नाही. वल्हांडणाचे जेवण हे स्वातंत्र्याचे जेवण आहे. त्या पंक्तीत एकटीच बाई बंदिवासात बसली असेल तर कथा वाचून काय साधले?

आता आपल्याविषयी थोडे. प्रभू येशूने आपल्या शिष्यांसह शेवटचे भोजन केले ते ह्याच सणाच्या दिवसांत, आणि पहिल्या तीन शुभवर्तमानकारांनी ते वल्हांडणाचेच भोजन म्हणून वर्णिले आहे. म्हणून आपल्या वेदीवरची भाकरीही बेखमीर गव्हाची असते. ज्या मातेस डॉक्टरांनी गहू पूर्णपणे बंद केला आहे तिने ह्या कारणाने ख्रिस्तप्रसादापासून दूर राहू नये. गहू मुळीच न सोसणाऱ्यांना केवळ द्राक्षरसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेता येतो, हे रोमच्या २००३ च्या पत्रात स्पष्ट केलेले आहे. मिसापूर्वी आपल्या धर्मगुरूंना येऊन सांगावे, एवढेच.

तसेच उपासकाळाचे. १९८३ च्या धर्मसंहितेच्या १२४५ व्या कलमानुसार योग्य कारण असता उपवासातून सूट देण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या धर्मगुरूस आहे. आणि मांडीवरचे तान्हे मूल ह्याहून योग्य कारण कोणते? तरीही काही मायबहिणी न विचारताच उपवास करतात आणि त्यात पुण्य मानतात. शिवाय आपल्या घरांत बाळंतिणीचे पथ्य नावाची एक परंपरा आहेच. हे वातूळ, ते थंड, हे बाळाला बाधेल, असे म्हणत तिच्या पानातून भाजी जाते, फळ जाते, डाळ जाते, आणि ती बिचारी भात व लसणाची चटणी ह्यांवर दिवस काढते. डॉक्टरांनी कारण पाहून, मुदत ठरवून सांगितलेले पथ्य वेगळे. शेजारणीने ओसरीवर बसून सांगितलेले वेगळे. पहिले पाळावे, दुसऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

जेव्हा जेव्हा घरात एखादा पदार्थ आईसाठी बंद होईल, तेव्हा घरातील वडील माणसाने त्याच दिवशी दोन प्रश्न विचारावे. ह्याच्या बदली तिला काय देणार? आणि हा पदार्थ पुन्हा केव्हा सुरू करून पाहणार? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील तर ते पथ्य अपुरे आहे असे समजावे. यहुदी लोकांनी आपल्या सणाच्या नियमाला दोन्ही बाजूंनी मर्यादा घातली आहे: आठव्या दिवसाची संध्याकाळ झाली की खमीर परत येते. आईच्या पथ्यालाही अशी एक संध्याकाळ असावी.

त्या जुन्या पोथीतील चित्राकडे पुन्हा पाहताना वाटते, भाकरी करणाऱ्या त्या बायांपैकी एखादीचे तान्हे मूल जवळच झोळीत निजलेले असेल. चित्रकाराने ते काढले नाही. आपण मात्र पंगत मांडताना ते विसरू नये, आणि पहिले ऊन ताट त्याच्या आईपुढे ठेवावे.